आसनामागची पेटी

मोटारगाडी विकत घेणारा मनुष्य प्रथम तिचें इंजिन पाहतो, मग चाकें पाहतो, आणि मग रंग. आसनाच्या मागें काय आहे हें तो बहुधा शेवटीं पाहतो, आणि पुष्कळदां पाहतही नाहीं. परंतु ज्यांचा चरितार्थ पिकअप गाडीवर चालतो त्यांस विचारलें असतां ते सांगतील कीं, दिवसभराच्या धांवपळींत जें जें मोलाचें असतें तें तें शेवटीं आसनामागच्या त्याच वीतभर फटींत जाऊन पडतें. बाजारांत आलेले पैसे, गाडीचे कागद, वजनकांट्याच्या पावत्या, पान्यांची पिशवी, जॅक, मुलांसाठीं घेतलेलीं नवीं पुस्तकें, सर्व कांहीं आसनामागें! आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या दारीं अशी गाडी उभी असते. तेव्हां या जागेंत बंदोबस्ताची पेटी कां बसवावी, ती कशी असावी, आणि ती बसवितांना कोणत्या गोष्टींचा विसर पडूं देऊं नये, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पिकअप म्हणजे पुढें दोघांतिघांनीं बसावयाची बंद केबिन आणि मागें माल भरण्याचा उघडा हौदा, अशी गाडी. हा प्रकार मूळ अमेरिकेंतला. तेथील शेतकरी प्रथम आपल्या साध्या मोटारीच्या मागच्या अंगास घरींच लांकडी खोकें ठोकीत व त्यांत दुधाचे डबे, धान्याचीं पोतीं वगैरे नेत. ही गरज ओळखून फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या मॉडेल टी गाडीच्या मागें पोलादी हौदा बसविला आणि ती गाडी कारखान्यांतूनच तयार अशी २८१ डॉलर किंमतीस विकण्यास आरंभ केला. हौद्याची सोय झाली. परंतु हौदा पावसास उघडा आणि चोरासही उघडा. कुलूप लावतां येईल अशी जागा एकट्या केबिनचीच. आणि केबिनींत आसन, चालक व त्याचा सोबती यांनींच सारी जागा व्यापलेली.

त्यानंतर कित्येक वर्षें आसनामागच्या जागेचा उपयोग कशाकडे होत असे हें ऐकून विद्यार्थ्यांस नवल वाटेल. अनेक अमेरिकन पिकअपांत तेथें पेट्रोलची टाकी बसविलेली असे. बसणाऱ्याच्या पाठीस टेकून, केबिनच्या आंतच, पेट्रोल! पुढें ही टाकी केबिनच्या बाहेर खालीं नेण्यांत आली, आणि रिकाम्या झालेल्या जागेकडे कारखानदारांचें लक्ष गेलें. १९७३ सालीं डॉज कंपनीनें आपल्या पिकअपची केबिन मागच्या बाजूस थोडी लांबविली आणि तिला क्लब कॅब असें नांव दिलें. दारें दोनच, परंतु आसनामागें सामान कोरडें व कुलपांत राहील इतकी जागा मिळाली. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९७४ सालीं, फोर्ड कंपनीनेंही सुपरकॅब या नांवानें तशीच गाडी काढिली. मागें दुसरें आसन असलेली मोठी केबिन तर त्याही पूर्वीं, १९५७ सालीं, इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीनें आणिली होती. सारांश, हौदा मोठा करण्याच्या खटपटीबरोबरच आसनामागची जागा वाढविण्याचीही खटपट त्या देशांत चालू होती. कारण माल हौद्यांत जातो, पण मालाचा पैसा हौद्यांत ठेवतां येत नाहीं.

आपल्याकडील पिकअप गाड्यांचे या दृष्टीनें दोन प्रकार करितां येतात. एकांत आसनांची एकच रांग असते आणि तिच्या पाठीशीं केबिनची मागची भिंत येते. मध्यें जी फट राहते ती कोठें चार बोटें, कोठें वीतभर. दुसऱ्या प्रकारांत पुढच्या आसनांमागें आणखी एक रांग असते. तेथें दुसऱ्या आसनाखालीं व त्याच्या पाठीमागें कांहीं जागा मिळते. भाजीपाला, दूध व कांदा वाहून नेणाऱ्या गाड्या बहुतेक पहिल्या प्रकारच्या असतात, म्हणून त्यांचाच विचार आम्ही मुख्यत्वेंकरून करूं.

आतां पेटीची आवश्यकता पाहूं. समजा, नाशिक जिल्ह्यांतील एक शेतकरी लासलगांवच्या बाजारांत कांदा देऊन दुपारीं परत निघाला आहे. कांहीं रक्कम त्याच्या बँकेंतील खात्यांत जमा व्हावयाची आहे, कांहीं रोख हातांत आली आहे. त्या रोख रकमेंत बियाण्याचें देणें आहे, मजुरांची मजुरी आहे आणि मुलांची फीही आहे. वाटेंत चहासाठीं तो दहा मिनिटें थांबतो. पिशवी आसनामागें सरकवितो, वर पंचा टाकतो, दाराला कुलूप लावतो आणि निश्चिंत होतो. पण दाराचें कुलूप किती बळकट आहे याचा विचार येथें व्यर्थ आहे. कारण कुलपाच्या वीतभर वर कांच आहे. मोटारीच्या बाजूच्या कांचेला विशेष रीतीनें तापवून व एकदम थंड करून असें केलेलें असतें कीं, ती फुटली म्हणजे तिचे धारदार तुकडे न होतां बारीक बोथट दाणे होऊन पडतात. आंतील मनुष्यास इजा होऊं नये म्हणून ही योजना केलेली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु तिच्यामुळें चोराचा हातही न कापतां आंत जातो. एका क्षणांत कांच फुटते, दुसऱ्या क्षणीं पिशवी बाहेर येते.

चोराच्या धंद्याचें खरें भांडवल म्हणजे वेळ. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीपाशीं त्याला फार वेळ घालवितां येत नाहीं. म्हणून पेटीचें काम चोरास कायमचें अडविणें हें नव्हे; अशी पेटी जगांत कोणीही केलेली नाहीं. तिचें काम त्याचा वेळ खाणें हें आहे. जें काम एका क्षणाचें होतें तें दहा मिनिटांचें झालें, त्यासाठीं पहार लागूं लागली, आणि पहारीचा आवाज होऊं लागला, म्हणजे बहुतेक चोर तो नाद सोडून देतात.

येथपर्यंत जें सांगितलें तें पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु आसनामागच्या पेटीला चोराहून मोठा असा दुसरा एक शत्रु आहे, आणि त्याची आठवण फार थोड्यांस असते. तो शत्रु म्हणजे त्या गाडीचा स्वतःचा वेग.

नववीच्या विद्यार्थ्यांनीं न्यूटनचा गतिविषयक पहिला नियम पाठ केलेला आहे. गतिमान वस्तु, तिच्यावर बाहेरून बल लागलें नाहीं तर, त्याच वेगानें सरळ रेषेंत जात राहते. नियम पाठ करणें सोपें आहे. तो आसनामागें बसलेला आहे हें ओळखणें कठीण आहे. गाडी ताशीं ५० किलोमीटर वेगानें चालली असतां आसनामागची प्रत्येक वस्तु, मग ती जॅक असो वा पाना असो, त्याच वेगानें पुढें चाललेली असते. गाडी एखाद्या झाडावर आदळून थांबली, तर झाडानें गाडीस थांबविलें. जॅकास कोणीं थांबविलें? कोणीं नाहीं. तो त्याच वेगानें पुढें येतो, आणि त्याच्या वाटेंत प्रथम आसनाची पाठ असते व नंतर बसणाऱ्याची.

हा वेग किती भयंकर आहे हें एका हिशेबावरून समजेल. ताशीं ५० किलोमीटर म्हणजे दर सेकंदास सुमारें १३.९ मीटर. वरून सोडलेल्या दगडास इतका वेग येण्यास तो सुमारें १० मीटर उंचीवरून पडावा लागतो. म्हणजे ताशीं ५० किलोमीटर वेगांत आसनामागें मोकळी पडलेली दहा किलोंची पेटी, ही तीन मजली घराच्या गच्चीवरून खालीं टाकलेल्या दहा किलोंच्या पेटीसारखीच समजावी. वेग ताशीं ८० किलोमीटर असला तर ही उंची दीडपट होत नाहीं. ती २५ मीटर होते, कारण उंची वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. गच्चीवरून पेटी पडत असतां खालीं आपलें मूल उभें करण्यास कोणता पिता तयार होईल? परंतु मोकळी पेटी आसनामागें टाकून पुढें मुलास बसविणारे पुष्कळ आहेत. त्यांचें प्रेम कमी आहे असें मुळींच नाहीं. हा हिशेब त्यांना कोणीं मांडून दाखविलेला नसतो, इतकेंच.

यावरून आमच्या विषयाचें मुख्य सूत्र निघतें तें हें: आसनामागची पेटी दोन ओढींस पुरली पाहिजे. एक ओढ चोराच्या हाताची, ती बाहेरच्या बाजूस. दुसरी ओढ वेगाची, ती पुढच्या बाजूस. पहिलीसाठीं कुलूप आहे, दुसरीसाठीं बोल्ट आहेत. कुलूप उत्तम असून पेटी मोकळी असेल तर दुहेरी तोटा होतो. कारण मोकळी पेटी चोर कुलपासकट उचलून नेतो, आणि चोर न आला तरी अपघाताच्या वेळीं तीच पेटी घात करिते.

पेटी कशाची करावी? लांकडाची पहारीनें उचकटतां येते, ॲल्युमिनियमची वांकते. साध्या पोलादी पत्र्याची पेटी सर्वांत सोईची. गांवच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत ती मापाप्रमाणें करून मिळते. पत्रा १.५ ते २ मिलिमीटर जाडीचा असावा. त्याहून पातळ पत्रा हातोडीच्या चार घावांनीं आंत जातो. त्याहून जाड पत्रा पेटीस व्यर्थ जड करितो. वजनाचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. पेटी ९० सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच धरली, तर तिच्या सहा बाजूंचें क्षेत्रफळ मिळून ०.९ चौरस मीटर होतें. पत्रा २ मिलिमीटरचा आणि एक घनमीटर पोलादाचें वजन सुमारें ७,८५० किलो. म्हणजे नुसती पेटी सुमारें १४ किलो भरते. बिजागऱ्या, कुलूप आणि आंतील सामान धरून ती २० किलोंच्या घरांत जाते. हा २० चा आंकडा लक्षांत ठेवावा. त्याचें काम पुढें लागणार आहे.

माप घेण्यापूर्वीं आसन जितकें मागें सरकतें व जितकें मागें कलतें तितकें सरकवून व कलवून पाहावें, आणि मगच उरलेली जागा मोजावी. पेटीमुळें आसन पुढें ढकललें गेलें तर चालकाचे गुडघे व छाती सुकाणूच्या चक्राशीं जातात. तो सौदा महागाचा आहे. पेटीची उंची आसनाच्या पाठीच्या खालींच राहावी. पाठीच्या वर आलेला भाग मागच्या कांचेंतून चोरास दिसतो, चालकास मागचा रस्ता दिसूं देत नाहीं, आणि अपघातांत तोच भाग मानेच्या उंचीवर असतो. झांकण वरून उघडणारें असावें आणि आसनाची पाठ पुढें झुकविली कीं तें पुरतें उघडावें.

झांकणाच्या कडा खालीं वळविलेल्या असून त्या पेटीच्या तोंडावर चांगल्या दोन बोटें उतरलेल्या असाव्यात, म्हणजे पहारीचें टोंक घालण्यास फट राहत नाहीं. बिजागरी आंतल्या अंगास असावी. बाहेर असलेल्या बिजागरीची खीळ ठोकून काढतां येते आणि मग कुलूप न उघडतांच झांकण उघडतें. कडी-कोयंडा लावून वर लोंबतें कुलूप अडकविण्याची आपली जुनी रीत घरीं ठीक आहे, परंतु येथें ती नको. लोंबतें कुलूप मोठ्या कातरीनें कापतां येतें, आणि गाडीच्या प्रत्येक खड्ड्याला तें पेटीवर आपटून आवाज करितें. पत्र्यांत बसविलेलें कुलूप घ्यावें, आणि पेटी लांब असेल तर एकाच किल्लीनें दोन ठिकाणीं अडसर पडेल अशी योजना करावी. एकाच ठिकाणीं अडकलेलें लांब झांकण दुसऱ्या टोंकाशीं वांकवून उचलतां येतें. किल्ली गाडीच्या किल्लीच्या जुडग्यांत ठेवूं नये. ज्याच्या हातीं गाडी गेली त्याच्या हातीं पेटीही जावी असा करार आपण कां करावा? दुसरी किल्ली घरीं ठेवावी.

आतां बोल्टांकडे वळूं. ५० किलोमीटर वेगाच्या त्याच गाडीचें नाक चेपत चेपत केबिन ६० सेंटिमीटर अंतरांत थांबली असें धरूं. हिशेब केला म्हणजे त्या क्षणीं प्रत्येक वस्तु आपल्या वजनाच्या सुमारें सोळापट जोरानें पुढें ओढली जाते असें दिसतें. आमची २० किलोंची पेटी तेव्हां ३२० किलोंसारखी ओढ घेते. दोघां माणसांनीं हातांनीं पेटी घट्ट धरून ठेवूं म्हटलें, किंवा ती सुतळीनें बांधली, तर काय होईल हें सांगणें नलगे.

इतकी ओढ बोल्ट सोसेल काय? अवश्य सोसेल. ८ मिलिमीटर जाडीचा साध्यांतला साधा पोलादी बोल्टही सुमारें ८०० किलोंचा ताण सहज सोसतो. असे चार बोल्ट लावले म्हणजे चिंता नाहीं. मग पेट्या उखडतात त्या कां? कारण बोल्ट तुटत नाहीं, पत्रा फाटतो. केबिनच्या तळाचा पत्रा एखाद्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. बोल्टाखालीं नेहमींचा लहान वॉशर असला तर सगळी ओढ दोन चौरस सेंटिमीटर जागेवर येते आणि बोल्ट वॉशरासकट पत्र्यांतून वर निघून येतो. शर्टाचें बटण ओढलें असतां बटण शाबूत राहून कापड फाटतें, तसेंच हें. यावर उपाय सोपा आहे. तळाच्या खालून प्रत्येक बोल्टास ६ सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि ३ मिलिमीटर जाड अशी पोलादी पट्टी लावावी. तिचें क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे लहान वॉशराच्या अठरापट. तितक्या प्रमाणांत ओढ पसरते आणि पत्रा टिकतो. पट्टीचे कोपरे घासून गोल करावे. नुसते पत्र्याचे स्क्रू किंवा रिव्हेट लावून काम भागवूं नये. ते पेटीचा खडखडाट थांबवितात, पेटीस थांबवीत नाहींत.

बोल्ट खालून वर घालावा आणि नट पेटीच्या आंत यावा. नट गाडीच्या खालीं राहिला तर चोर गाडीखालीं पडून पान्यानें तो सोडवितो, आणि कुलूप जागच्या जागीं राहून पेटी जाते. बाजारांत ज्यास कॅरेज बोल्ट म्हणतात तो या कामास उत्तम. त्याचें डोकें गुळगुळीत व गोल असतें, त्याला पाना लागत नाहीं. डोक्याखालची मान चौकोनी असते, ती पट्टीच्या चौकोनी भोंकांत बसली कीं बोल्ट फिरत नाहीं.

भोंकें पाडण्यापूर्वीं गाडीच्या खालीं जाऊन नीट पाहावें. केबिनच्या तळाखालून इंधनाची नळी, ब्रेकची नळी व विजेच्या तारा जातात. ड्रिलचें टोंक किती खोल जाणार आणि पलीकडे काय आहे हें कळल्यावांचून एकही भोंक पाडूं नये. बॅटरीची ऋण बाजूची तार आधीं सोडून ठेवावी. केबिनींत वेल्डिंग मात्र कटाक्षानें टाळावें. आसनाचा फोम व गालिचा पेट घेतात, पत्र्यावरील गंजरोधक थर जळतो, आणि हल्लींच्या गाड्यांतील विजेच्या नाजूक यंत्रणांस इजा पोंचते. आसनाच्या पट्ट्याचा जो बोल्ट असतो, ज्यावर मनुष्याचा जीव अडकलेला असतो, तो पेटीसाठीं कधींही उसना घेऊं नये. ज्या गाडींत आसनाच्या कडेंत अथवा छताच्या कडेनें हवेच्या सुरक्षा-पिशव्या आहेत तेथें पेटी त्यांच्या वाटेंत येतां कामा नये. आणि ज्या गाडींत लहान मुलाच्या खुर्चीचा पट्टा अडकविण्याची कडी आसनामागें असते, तेथें ती कडी पेटीखालीं झांकली जाऊं नये.

भोंक पाडल्यावर उघड्या पडलेल्या कडेस रेड ऑक्साइडसारखा गंजरोधक रंग लावावा आणि बोल्ट बसविल्यावर फट सील करावी. कोंकणांतील किंवा घाटमाथ्यावरील पावसाळा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस याचें कारण सांगावयास नको. आज केलेल्या उघड्या भोंकाशीं दोन पावसाळ्यांत गंज चढतो, आणि ज्या पत्र्यावर आपण भिस्त ठेविली तोच चाळणीसारखा होतो. पेटीस आंतून नमदा किंवा रबराची चटई चिकटविली तर आवाज थांबतो व कागद घासले जात नाहींत.

पेटीत काय ठेवावें याइतकाच महत्त्वाचा प्रश्न, काय ठेवूं नये, हा आहे. प्रथमोपचाराची पेटी, आग विझविण्याचें नळकांडें आणि रस्त्यावर ठेवण्याचा इशाऱ्याचा लाल त्रिकोण, या तीन वस्तु कधींही कुलपांत ठेवूं नयेत. ज्या घटकेस त्यांची गरज लागते त्या घटकेस किल्ली शोधण्यास अवसर नसतो, आणि ती शोधणारा बहुधा किल्ली कोठें आहे हें न जाणणारा कोणी वाटसरू असतो. मात्र या वस्तूही मोकळ्या पडूं देऊं नयेत. त्यांच्या पट्ट्यांत, हाताशीं, घट्ट बसविलेल्या असाव्यात. वैशाखाच्या उन्हांत बंद केबिन भट्टीसारखी तापते, म्हणून औषधें, मोबाइलचे जादा बॅटरी-संच, सिगारेट पेटविण्याचे लायटर व दाबाखालील फवाऱ्याचे डबे पेटींत नकोत. कीटकनाशकाची बाटली किंवा पेट्रोलचा डबा तर केबिनींतच नको, पेटींत असो वा बाहेर. त्यांची वाफ श्वासाबरोबर आंत जाते, आणि त्याच आसनावर मुलाचा जेवणाचा डबाही ठेवलेला असतो. असें सामान हौद्यांत, उभें व बांधून न्यावें.

कागदपत्रांविषयीं एक सोय झाली आहे. २०१८ सालीं केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानें राज्यांस असें कळविलें कीं, डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांमध्यें असलेला परवाना व गाडीचें नोंदणीपत्र हीं मूळ कागदांप्रमाणेंच ग्राह्य धरावीं. त्यामुळें मूळ कागद रोज आसनामागें घेऊन फिरण्याची गरज उरलेली नाहीं. ते घरीं ठेवावेत. जी वस्तु गाडींत नाहीं ती गाडींतून चोरीस जात नाहीं.

कायद्याकडेही लक्ष पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील कारखानदारानें मुळांत दिलेल्या वर्णनाशीं विसंगत होईल असा फेरफार गाडीच्या मालकास करितां येत नाहीं. आसनामागच्या रिकाम्या जागेंत पेटी बोल्टांनीं बसविणें वेगळें, आणि दोन रांगांच्या केबिनींतील मागचें आसनच काढून तेथें पेटी करणें वेगळें. आसन काढलें कीं बसणाऱ्यांची संख्या बदलते, आणि ती संख्या नोंदणीपत्रांत लिहिलेली असते. म्हणून आसनास हात लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारावें. आणि गाडी नवी असेल तर तिच्या हमीस बाध येतो काय, हें विक्रेत्यास लेखी विचारावें. गाडीचा विमा सर्वसाधारणपणें गाडीचा असतो, आंत ठेविलेल्या रोकडीचा नसतो, हेंही ध्यानांत असावें.

यामुळेंच, इतक्या खटाटोपानें केलेल्या पेटींतही रक्कम रात्रभर ठेवूं नये. पेटी ही बँक नव्हे. बाजारापासून बँकेपर्यंत अथवा घरापर्यंतच्या वाटेंतली ती सोबतीण आहे. पैसे तींत ठेवावयाचे ते निघण्यापूर्वींच ठेवावे. चहाच्या दुकानासमोर गाडी उभी करून, आसन झुकवून, सर्वांदेखत पेटी उघडणारा मनुष्य आपल्या कुलपाची अर्धी शक्ति तेथेंच गमावतो.

ज्यांना इतक्यांत पेटी करणें शक्य नाहीं त्यांनीं निदान एक गोष्ट आजच करावी. तिला एक पैसाही लागत नाहीं. आसनाची पाठ पुढें झुकवावी आणि मागें काय काय मोकळें पडलें आहे तें बाहेर काढावें. जॅक त्याच्या जागीं पट्ट्यानें आंवळावा. पाने पिशवींत घालून ती पिशवी बांधावी. उरलेली अडगळ घरीं ठेवावी. या कामीं विद्यार्थ्यांनीं वडिलांस हात द्यावा, आणि निघालेली प्रत्येक वस्तु घरच्या कांट्यावर तोलावी. मग वजनास सोळानें गुणावें. जो आंकडा येईल तो वहींत लिहून वडिलांस दाखवावा. ताशीं ५० किलोमीटर वेगांतल्या एका अपघातांत तितक्या किलोंचा धक्का ती वस्तु वडिलांच्या पाठीस देऊं शकते, हें त्यांस समजावून सांगावें. न्यूटनचा नियम परीक्षेंत लिहिल्यानें गुण मिळतात. तो घरच्या गाडींत लावून पाहिला तर कदाचित् एखाद्याचा जीवही वांचेल.